भाकणुकीच्या दगडावरून उतरलेला बिराप्पा

तुम्ही चारचौघांत शेवटचं 'मला माहीत नाही' कधी म्हणालात? खरं सांगा. पावसाचं, आजाराचं, निवडणुकीचं कुणी काही विचारलं आणि तुम्ही उत्तर न देता गप्प बसलात, असं कधी झालंय? नसणारच. आपल्याकडं चहाच्या टपरीवरचा माणूससुद्धा जगाचं भविष्य सांगून मगच कपात खारी बुडवतो. मला या सगळ्याची शिसारी आलीय. म्हणून एका माणसाची हकीकत लिहितेय. त्यानं भर जत्रेत, देवाच्या दारात, 'मला ठावं न्हाई' म्हटलं आणि त्यापायी त्याच्या गळ्यातला ढोल काढून घेतला गेला.

बिराप्पा त्याचं नाव. जत तालुक्याच्या पार टोकाला हिवरतळ म्हणून धनगरांची वस्ती आहे. ओढा ओलांडला की कर्नाटक. तिथली माणसं शिव्या मराठीत देतात आणि मेंढरांना हाका कानडीत मारतात. वस्तीच्या माळावर बिरोबाचं देऊळ, देवळापुढं एक काळा दगड. चैत्रातल्या जत्रेला त्या दगडावर बिराप्पाच्या घरचा माणूस उभा राहायचा. ढोल टिपेला जायचे, त्याचं अंग हलायला लागायचं आणि मग तो भाकणूक सांगायचा. यंदा पाऊस कसा, बाजरी कवा पेरायची, मेंढरं घेऊन कुठल्या अंगाला जायचं. आधी आजा उभा राहिला, मग बाप, मग बिराप्पा. माणसं नुसती ऐकून घरी जात नाहीत. ऐकतात आणि तसंच वागतात. तिथं भाकणूक म्हणजे करमणूक नव्हे, वर्षाचं वेळापत्रक आहे.

माझी त्याची गाठ पडली इस्लामपुरात. मी एसटी स्टँडच्या मागं ब्लाउज शिवते. मूळची लोणंदची. कांद्याच्या बाजारात वाढले म्हणून जीभ चालते. शाळा दहावीला सुटली, पुढचं माझं मी वाचून शिकले, आणि त्याची मला लाज वाटत नाही. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी-तिघी चौकात टेबल मांडतो आणि बुवा लोकांच्या युक्त्या फोडून दाखवतो. नारळातनं धूर, लिंबातनं रक्त, पाण्यावर पेटणारा दिवा. त्या दिवशीही गर्दी होती. मागं खांद्यावर घोंगडं, डोक्याला पटका असा एक उंच माणूस काठीवर हनुवटी टेकून बघत होता. सगळं झाल्यावर म्हणाला, "बाई, एक इचारू का?"

"विचारा की मामा."

"ह्यो नारळवाला लबाड हाय. त्येला ठावंच हाय आपण लबाडी करतोय. पर एखाद्याला त्याचं त्यालाच कळंना, देव बोलतोय का आपणच बोलतोय, तर त्यो लबाड व्हय का?"

मी टेबल आवरायच्या घाईत होते. म्हणाले, "मामा, तुम्ही मेंढरं राखा. हा प्रश्न ज्याला पडायला पाहिजे त्या भाकणूकवाल्याला तो कधीच पडत नाही."

"मीच हाय की भाकणूकवाला," तो म्हणाला.

गर्दी हसली. मला हसू आलं नाही.

ऊस तुटून गेला की पूर्वेकडचे धनगर मेंढरं घेऊन आमच्या भागात उतरतात. शेतकरी त्यांना रानात बसवून घेतात, लेंड्यांचं खत होतं म्हणून. बिराप्पाची मेंढरं नानासो म्हणून एका बागायतदाराच्या रानात बसली होती. तिथं त्याच्या पालापुढं, मेंढरांच्या वासात बसून मी त्याची सगळी कहाणी ऐकली. त्याची सून पल्लवी चहा करत होती. बारावी झालेली पोरगी. सासऱ्याला वाचायला तिनंच शिकवलेलं. मेंढरांच्या औषधाची बाटली कुठली आणि अंगाला लावायच्या औषधाची कुठली, यात एकदा घोटाळा झाला, तेव्हा ती म्हणाली, "मामंजी, आता बसा माझ्यापुढं." म्हातारा बसला. आता भडंगाची पुडी संपली की कागद टाकून देत नाही, उलटापालटा करून वाचतो. लग्नाचे बोर्ड वाचतो, खताच्या पोत्यावरचं वाचतो.

"त्येनंच घात झाला," तो म्हणाला. "वाचाय लागल्यापास्नं कशावरनं, कशावरनं असं व्हतंय डोस्क्यात. कुणी काय बी बोललं की आत म्हणतंय, कशावरनं? आणि मग त्या चैताला दगडावर हुबारलो."

त्या चैत्रात तो दगडावर काय बोलला ते ऐका. "मावळतीला मेंढरू मरंल, उगवतीला चारा पुरंल." माणसांनी चांगभलं केलं. त्याची धाकटी बहीण हरणाबाई, नवरा वारलेली, एकटीनं मेंढरं राखणारी बाई, ती पहिल्या दिवशीच निघाली. उगवतीला, विजापूरच्या अंगाला. चारा होताच. पण तिथं रोग होता. तोंडं सुजली, हगवण लागली, मेंढरं पटापट आडवी झाली. हरणाबाई परत आली तेव्हा तिच्यामागं मूठभर मेंढरं होती.

"आणि तुम्ही?" मी विचारलं. "तुम्ही तर इथं मावळतीला आहात."

तो मान खाली घालून काठीनं माती उकरत राहिला. "नानासोला आधीच शबूद दिला हुता. मी हिकडं आलो. माझं येक कोकरू बी मेलं न्हाई."

"मग लोक काय म्हणाले?"

"म्हणलं, देव आपल्या माणसाला राखतोच की!"

म्हणजे भाकणूक खोटी ठरली तरी देव मोठा आणि सांगणाऱ्यानंच ती मोडली तरी देव मोठा! ही असली बुद्धी कुठल्या बाजारात मिळते, मला एकदा बघायचंय.

"पण मामा, मुळात 'उगवतीला जा' असं का म्हणालात?"

पुढचं उत्तर तो माझ्याकडं बघून देऊ शकला नाही. "जुळलं, म्हणून. मरंल, पुरंल. तोंडाला आलं, जुळलं, म्हणून टाकलं."

एवढंच! एका बाईचा संसार रस्त्यावर आला, कारण दोन शब्द जुळले. आपल्या देशात किती माणसं जुळणाऱ्या शब्दांपायी देशोधडीला लागली असतील, याचा हिशेब कुणी मांडेल का?

"हरणाबाई काय म्हणाली तुम्हाला?"

"त्येच तर. काय म्हणली न्हाई. म्हणली, दादा, देवानं सांगिटलं, देवानं नेलं. माझ्यापुढं भाकरी ठिवली तिनं. बाई, तिनं मला आईवरनं शिव्या घातल्या असत्या ना, तर मी आजबी भाकणूक केली असती. पर ती वाढत बसली. घास उतरंना."

मी त्याला तिथल्या तिथं म्हणाले, "मामा, सोडा हा देव."

तो भडकला. मी भडकते म्हणून लोक मला नावं ठेवतात, पण हा म्हातारा माझ्यावर ताण. "देव का सोडू? देवानं काय केलंय? खोटं मी बोललो. मला खोटं सोडायचंय. देव माझा हाय, ढोल माझा हाय. ह्ये सोडून मी काय तुज्या त्या नारळापुढं बसू व्हय?"

"देव ठेवून खोटं कसं सुटंल?"

"तुला शिवायला येतंय ना? मग उसव की जरा नीट. कापड फाडू नगंस!"

पल्लवी तोंडाला पदर लावून हसली. मला राग आला, पण वाक्य डोक्यात बसलं. असो.

त्यानं ठरवलं होतं. पुढच्या चैत्रात दगडावर उभं राहायचं आणि खरं सांगायचं. कारण हरणाबाई त्या दिवशी पुन्हा समोर बसणार होती आणि भाऊ सांगेल त्या दिशेला उरलेली मेंढरं घेऊन निघणार होती. तिला त्याआधी अडवायचं होतं. भीती त्याला एकाच गोष्टीची होती. दगडावरचा मान गेला तर जाऊ दे, पण ढोल राहिला पाहिजे. धनगरांच्या गजी नाचात ढोल त्याचा. लहानपणापासून त्यानं दुसरं काही हौसेनं केलंच नव्हतं. आम्ही पुस्तकात शोधतो ते मन एकाग्र करणं वगैरे त्याला ढोलाच्या पानावर, त्या ताणलेल्या कातड्यावर, सापडायचं. ढोल गळ्यात असला की डोक्यातलं 'कशावरनं' गप्प व्हायचं, असं तो म्हणायचा.

जत्रेला मी गेले. माळ नुसता पेटला होता. भंडाऱ्यानं माणसं पिवळी झालेली, बर्फाच्या गोळ्यांच्या गाड्या, पाळणे. देवळापुढं खुर्च्या मांडल्या होत्या आणि मधल्या खुर्चीत उदयसिंह. पांढरे कपडे, काळा चष्मा, झेडपीच्या तिकिटासाठी गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला गडी. त्याचा माणूस आदल्या दिवशी बिराप्पाकडं येऊन गेला होता. "अण्णा, भाकणुकीत जरा तरुण नेतृत्वाचं येऊ दे काहीतरी. मंडपाचा खर्च साहेबांनी केलाय." देवाचं तोंड भाड्यानं घ्यायला निघालेली ही जमात! आणि हेच लोक स्टेजवर समाजसुधारकांच्या फोटोला हार घालतात. ओकारी येते.

ढोल टिपेला गेले. बिराप्पा गळ्यातल्या ढोलासकट दगडावर चढला. अंग हललं नाही. त्यानं हात वर केला, ढोल थांबले.

"आयका. यंदा पाऊस कसा, मला ठावं न्हाई. बिरोबा माज्या तोंडानं बोलत न्हाई. कवाच बोलला न्हाई. मी अंदाज करतो. माजा बा बी अंदाजच करत हुता. देव आपला हाय, त्येच्या पाया पडा, पर मेंढरं कुठं न्यायाची ते आपापल्या डोळ्यांनी बघा. इचारा, फोन करा, रोग कुठं हाय म्हायती काढा. माज्या तोंडाकडं बघू नगा."

गर्दीतल्या दोन-चार म्हाताऱ्यांनी पटक्यानं डोळे पुसले.

मग पुढच्या रांगेतून हरणाबाई उठली. वाळकी, उंच, भावासारखीच. दगडापाशी गेली आणि म्हणाली, "दादा, आसं म्हणू नगंस."

"खरं हाय ते हरणे."

"देव बोलला नव्हता, तर मग माजी मेंढरं कशानं मेली?"

मी आजवर पुष्कळ वाद घातलेत. शिकल्यासवरल्यांची तोंडं बंद केलीत. पण त्या बाईचा प्रश्न वादातला नव्हता. देवानं नेली म्हटलं की मरणाला मांडायला एक कोनाडा मिळतो. भाऊ तो कोनाडाच पाडत होता.

बिराप्पा म्हणाला, "माज्यामुळं मेली."

ती पाठ फिरवून गर्दीतून चालत निघून गेली.

आणि आता किळसवाणा भाग. बिराप्पा दगडावरून खाली उतरला. पंचांनी दगडाशेजारी डोकी जुळवली, उदयसिंहाच्या माणसाशी कुजबुजले आणि बिराप्पाचा पुतण्या मल्हार, जो मघापासून मोबाईलवर जत्रेचं शूटिंग करत होता, त्याच्या हातातला मोबाईल काढून घेऊन त्याला दगडावर चढवला. पोरगं गांगरलं. ढोल सुरू झाले. पोरानं आधी हळू, मग जोरात अंग घुसळलं. गळ्यातली सोन्याची चेन उडत होती. म्हणाला, "पाऊस चौदिशी फिरंल, तरुण रक्त राज करंल!" फिरंल, करंल. जुळलं! उदयसिंहानं हात जोडले. माळ गरजला, चांगभलं! मघाशी ज्यांच्या डोळ्यात पाणी आलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, ती माणसंसुद्धा गरजली.

पंचांतला एक म्हातारा बिराप्पाकडं आला. "ज्येच्या अंगात देव न्हाई, त्येनं देवाच्या ढोलाला हात लावायचा न्हाई." बिराप्पा पट्टा गळ्यातून काढायला लागला. त्याला गाठ सुटेना. कुणी मदत केली नाही. मी गेले आणि गाठ सोडली. शिवणारी बाई आहे, गाठी सोडवता येतात.

तुम्हाला वाटेल, अडाणी लोक, असंच व्हायचं. थांबा. शिकलेल्यांचंही ऐकून घ्या.

बातमी पसरली. सांगलीला विश्रामबागेतल्या एका विवेकवादी मंडळानं बिराप्पाचा सत्कार ठेवला. अध्यक्ष हंबीरराव, निवृत्त प्राचार्य. मला फोन आला, "त्या मेंढपाळाला घेऊन या." मी म्हणाले, त्यांना नाव आहे. हॉल एसीचा. सत्काराच्या आधी 'सजग जगणं' नावाची कार्यशाळा होती. पुण्याहून आलेल्या बाईंनी प्रत्येकाच्या तळहातावर एक बेदाणा ठेवला. म्हणाल्या, "याच्याकडं बघा. त्याच्या सुरकुत्या अनुभवा. वास घ्या. जिभेवर ठेवा, चावू नका." सगळा हॉल डोळे मिटून एकेका बेदाण्याशी संसार करत बसला. बिराप्पानं कधीच तोंडात टाकलेला. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आजून हाईत का? सांगलीत येऊन येकच बेदाणा? लय चिक्कू माणसं दिसत्यात."

मी हसले, तर पुढच्या बाईंनी डोळे उघडून माझ्याकडं असं बघितलं की त्यांची सजगता मीच चोरली.

मग सत्कार. शाल, श्रीफळ, पुस्तकं. श्रीफळ! देव नको म्हणणाऱ्यांना नारळ मात्र लागतो. हंबीररावांनी माईक बिराप्पापुढं धरला. "सांगा सगळ्यांना, देव कसा सोडलात?"

"देव सोडला न्हाई साहेब."

हॉलमध्ये कुजबुज. हंबीरराव हसले, लहान पोराला समजवावं तसे. "म्हणजे भाकणूक सोडलीत. आता देवळात जाणार नाही ना?"

"जानार की. ढोल वाजवायचाय मला. त्यो काढून घेतलाय. तुमी शिकल्याली माणसं हायसा, गावात येऊन पंचांना दोन शबूद सांगा. तेवढ्यासाठीच आलोय मी."

हंबीररावांनी माईक स्वतःकडं घेतला आणि म्हणाले, "बघा, अंधश्रद्धेची मुळं किती खोल असतात. प्रबोधनाची अजून किती गरज आहे." हॉल हसला. तो सभ्य, एसीतला, दात न दाखवता हसण्याचा प्रकार. मी उठले आणि म्हणाले, "ह्या माणसानं त्याच्या देवापुढं खरं बोलून दाखवलंय. तुमच्यातल्या एकानं तुमच्या अध्यक्षापुढं बोलून दाखवा!" कुणीतरी चहा तयार आहे म्हणून जाहीर केलं. असले लोक सत्याला चहात बुडवून मारतात.

बाहेर येऊन बिराप्पानं शाल घडी घालून माझ्या हातात दिली. "ह्येचं झबलं शिव कुणासाठी तरी. मला घोंगडं हाय." मग स्टँडवर जतच्या एसटीची वाट बघत बसला. बोटं गुडघ्यावर चालली होती. ढोलाचा ताल. त्याचं त्यालाही कळत नव्हतं.

ही झाली गेल्या वर्षीची गोष्ट. दिवाळी होऊन गेल्यावर त्याचा फोन आला. मी मशीनवर होते. तिकडून आधी हसणं, मग रडणं, मला कळेना.

"आक्का, आज हरणीनं मला शिव्या घातल्या!"

"काय?"

"सकाळच्या पारी दारात हुबी ऱ्हाऊन. आईवरनं, बावरनं! म्हणली, मुडद्या, तुजं जुळलं आणि माजी मेंढरं ग्येली. येका येका मेंढीचं नाव घिऊन शिव्या घातल्या. माजी काळी, माजी बांडी, माजी मोरी. सगळी वस्ती गोळा झाली. दम लागस्तोर बोलली बघ."

"मग तुम्ही?"

"आयकली. सगळी आयकली. मग ती खाली बसली. मी पाणी दिलं. म्हणली, भाकरी खाल्लीस का? आक्का, लय दिसांनी घास उतरला."

ढोल मात्र देवळातच अडकलेला. पंच ऐकत नाहीत. पण हरणाबाईच्या घरात तिच्या मेलेल्या नवऱ्याचा ढोल आढ्याला टांगलेला होता. तो तिनं काढला, नवीन पान चढवून घेतलं आणि भावाच्या पुढ्यात आणून ठेवला. म्हणाली, "देवळात न्हाई तर न्हाई. माज्या दारात वाजीव. बिरोबाला काय ऐकू येत न्हाई व्हय तिथनं?" यंदा जत्रेच्या दिवशी मल्हार दगडावर उभा राहील तेव्हाच ओढ्याच्या काठाला हरणाबाईच्या अंगणात बिराप्पा ढोल वाजवणार आहे. मेंढरं तिनं यंदा त्याच्या सांगण्यावरून कुठं नेली नाहीत. तिनं स्वतः माणसं विचारली, पल्लवीकडून जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला आणि मग निघाली.

अडचण एकच आहे. गजी एकट्याच्या ढोलावर होत नाही. भोवती रिंगण लागतं, रुमाल उडवत नाचणारी माणसं लागतात. आणि पंचांनी सांगून ठेवलंय, जो हरणीच्या अंगणात जाईल त्याला जत्रेच्या पंगतीत ताट नाही. वस्तीतली चार माणसं मनातून यायला तयार आहेत. मनातून! मला या शब्दाचा आता जितका तिटकारा आहे तितका कुठल्याच भोंदूचा नाही. मनातून सगळे बिराप्पाच्या बाजूनं आहेत. उदयसिंहाला हसणारे आहेत, हंबीररावांना नावं ठेवणारे आहेत. आणि अंगण रिकामं आहे.

म्हणून तुम्हाला सांगते. वाचून 'वा' म्हणू नका, मला फोन करून कौतुक करू नका. चैत्रात हिवरतळला या. देव मानत असाल तर या, नसाल मानत तर या, तुमचं तुमच्यापाशी. शाल आणू नका, नारळ आणू नका, भाषण तर मुळीच आणू नका. खिशात एक रुमाल टाकून आणा आणि हरणाबाईच्या अंगणात रिंगणात उभे राहा. नाचता येत नसेल तर बिराप्पाला तसं सांगा, तो शिकवेल. आणि वाटेत कुणी विचारलंच, यंदा पाऊस कसा, तर त्याच्या डोळ्यात डोळे घालून एकदा तरी म्हणा, मला माहीत नाही.